सारजामावशी आणि सोन्याचा झोपाळा

एका राज्यात राजवाड्याच्या भिंतीला भिंत लावून एक लहानसं घर होतं. राजवाडा केवढा, घर केवढं! राजवाड्याला सात दरवाजे, घराला दीड. दीड म्हणजे पुढचा एक पुरता, आणि मागचा अर्धा मोडका. त्या घरात सारजामावशी राहायची. नवरा केरोबा दोर वळायचा. एकुलती लेक बनू, ती नदीपलीकडे दिलेली.

सारजामावशीला एक खोड होती. खोड म्हणा, गुण म्हणा. कोणाच्या चुलीवर काय शिजतंय, कोणाची सून का रुसलीय, कोणाच्या गाईनं वैरण का टाकलीय, हे कळल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. राजवाड्याच्या भिंतीला एक फट होती. भांडी घासता घासता मावशी त्या फटीला डोळा लावायची. राजाला सर्दी झाली की राजवैद्याच्या आधी मावशीचा काढा पोचायचा.

राजा विचारायचा, "तुम्हाला कसं कळलं?"

मावशी म्हणायची, "शेजार आहे महाराज. शिंक काय भिंत बघून थांबते?"

केरोबा मुलखाचा अबोल. घरातलं सगळं बोलणं मावशी बोलायची, तो नुसता दोर वळायचा. बनू लहान होती तेव्हा त्यानं अंगणातल्या कडुलिंबाला झोपाळा बांधला होता. पोरीला असा झोका द्यायचा की तिचे पाय वरच्या फांदीला लागायचे. मावशी ओरडायची, "अहो, हळू! लांब जाईल पोर!" केरोबा म्हणायचा, "जाऊ दे लांब. दोर माझा आहे. येईल परत." वर्षाकाठी तो जी दोनचार वाक्यं बोलायचा, त्यातलं हे एक.

तर झालं काय, त्या वर्षी बनूला दिवस गेले. पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायचं. सासरहून सांगावा आला, 'चैत्रातल्या तीजेला गाडी जुंपतो, पोर पाठवतो.' मावशीनं घर सारवलं, बाजेला नवी सुतळी भरली, डिंक निवडला, आणि अख्ख्या गल्लीला सांगून आली, "माझी बनू येतेय हो!" ज्यांना ठाऊक होतं त्यांनाही दोनदा सांगून आली.

तिकडे राजवाड्यात राजा भानुसेनाची लेक माहेरी आली होती. तिचं नाव मंजरी. राणी लवकर गेली, पोर राजानं मांडीवर वाढवली. तिचं लग्न झालं तेव्हा राजा हसत होता, पण रात्री जेवला नव्हता. हे मावशीला ठाऊक होतं, कारण ताट भरलेलंच परत गेलेलं तिनं फटीतून पाहिलं होतं. आता लेक चार दिवसांसाठी आली, तर राजाला पाचव्या दिवसाची धास्ती. जावयाची पालखी यायची, लेक जायची, वाडा रिकामा व्हायचा. राजाला ते सोसेना. त्यानं पांढऱ्या टेकडीवरच्या मांत्रिकाला बोलावलं. मांत्रिकाचं नाव विकटजटी.

राजा म्हणाला, "माझी लेक माझ्यापासून हलू नये."

मांत्रिक म्हणाला, "हलणार नाही. मोबदला?"

"काय हवं? हत्ती? घोडे? मोती?"

"तुझ्या राज्यातली ये-जा."

राजानं विचार केला. ये-जा म्हणजे काय, रस्त्यावरची धूळ. गेली तर रस्ते स्वच्छ राहतील. म्हणाला, "दिली."

मांत्रिकानं टाळी वाजवली. दिवाणखान्यात सोन्याचा झोपाळा उभा राहिला. सोन्याच्या कड्या, सोन्याचा पाट. मंजरी धावत आली, पदर सावरून बसली, म्हणाली, "बाबा, झोका द्या ना!" राजानं हौसेनं कडी मुठीत धरली. आणि लेक पायाच्या बोटांपासून सोन्याची होत गेली. पाय सोन्याचे, हात सोन्याचे, ओठावरचं हसू तेही सोन्याचं. झोपाळा हलेना, लेक हलेना. मांत्रिकानं शब्द पाळला होता.

तो दिवस तीजेचा. तो तिथंच अडला.

सूर्य उगवायचा, मावळायचा, पुन्हा तीजच उगवायची. आकाशात तीच चंद्राची कोर. झाडावर तीच लिंबाएवढी कैरी, वाढेना की पिकेना. कोकिळा 'कु' म्हणायची, पुढचं 'हू' तिला सापडत नसे. आणि माणसांची ये-जा थांबली. बाजाराला निघालेला माणूस चार पावलांत आपल्याच उंबऱ्यात. शेताला निघालेली बाई आपल्याच परसात. कोणी म्हणालं भूल पडली, कोणी म्हणालं भानामती. मग सगळ्यांनी दारं लावून घेतली. राजानं आपले सातही दरवाजे लावले. लेकीला कोणाची नजर लागेल म्हणून तो झोपाळ्याशी बसून राहिला, मुठीत कडी धरून.

सारजामावशीनं पदर खोचला आणि निघाली. "वाट वळते म्हणजे काय? माझी पोटुशी पोर रस्त्यात आहे." वेशीबाहेर पाऊल टाकलं, तो वाट साप वळतो तशी वळली, आणि समोर मावशीचाच दीड दरवाजा. पुन्हा गेली, पुन्हा आली. पायांचे तुकडे पडले. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. वाटेतच कळा सुटल्या तर? जवळ ना आई, ना सुईण. मावशी उंबऱ्यावर बसली. केरोबा दोर वळत होता, वळलेला पीळ सोडून पुन्हा वळत होता.

इतक्यात शेजारच्या घरातून वास आला. मोहरी जळत होती.

मावशी ओरडतच उठली. "अगं कृष्णे, फोडणी जळली! लक्ष कुठंय तुझं?" आणि तरातरा कृष्णा कासारणीच्या स्वयंपाकघरात जाऊन तिनं कढई उतरवली.

कृष्णा बघतच राहिली. "मावशी, तुम्ही आलात कशा?"

"कशा म्हणजे? पायांनी."

"अहो, पण कोणालाच येता येत नाही ना!"

मावशीनं पायांकडे पाहिलं. खरंच की. इतक्यात खिडकीच्या गजावर एक साळुंकी येऊन बसली. पाय पिवळेधमक, जशी काही हळद लावून आली होती.

साळुंकी म्हणाली, "मावशी, मांत्रिकानं कामाची ये-जा नेली. बिनकामाची ये-जा म्हणून काही असतं, हे त्या एकट्या माणसाला ठाऊकच नाही. ती तेवढी मागं राहिली."

"मग मी आत्ता जाते, बनूला घेऊन येते."

"ते काम झालं. वाट वळेल."

"मग करू काय?"

"तीन दारी जा. नागाच्या, राक्षसिणीच्या आणि मांत्रिकाच्या. काही मागू नकोस. मागितलंस की काम झालं. आपण होऊन देतील ते घे, आणि राजाच्या दारी ये."

"आणि राक्षसिणीनं मला खाल्लं तर?"

"तर ते तिचं काम झालं. तुला त्याचं काय?" साळुंकी म्हणाली.

मावशीचे डोळे भरले. "पण बाई, मनात लेक आहे. ती कुठं ठेवू?"

"मनात असू दे. पायात येऊ देऊ नकोस."

मावशीनं कमरेला कुंकवाचा करंडा खोचला. कोणाच्या घरी जायचं तर तो हवाच. आणि निघाली, सहज निघाली.

वेशीबाहेर जुनी आमराई. तिथल्या सर्वांत थोरल्या झाडाखाली गुप्तधनाची कढई पुरलेली, कढईवर नाग. त्या सोन्याला जो हात लावी, तो दगड होई. आजूबाजूला दगड झालेले चोर उभे होते. मावशीनं जाता जाता एकाच्या नाकावरचं कोळिष्टक काढलं.

नागानं फणा उभारला. "कोण तू?"

"मी सारजा. राजवाड्याशेजारची. सहज आले."

"सोन्यासाठी आलीस."

"सोनं घालून जायचं कुठं? वाटा बंद आहेत. पण अरे, तुझं हे काय झालं? कात अर्धीच निघालीय!"

नागाचा फणा हळूहळू खाली आला. "दिवस अडला, तशी कात अडली. अंगाची आग होते. हजार वर्षं इथं आहे, सोन्याबद्दल सगळ्यांनी विचारलं. माझ्याबद्दल तूच विचारलंस."

"बरं, हलू नकोस." मावशीनं पदर ओढ्यात भिजवला, कातीवर धरला, आणि पोराच्या अंगातला ओला सदरा काढावा तशी ती कात हलक्या हातानं सोडवली. मध्येच म्हणाली, "गुदगुल्या होतायत का?" नाग म्हणाला, "थोड्या."

कात निघाली. नाग नवा, लखलखीत झाला. म्हणाला, "माग काय हवं ते."

मावशीनं वर पाहिलं. कैऱ्या नाकावर टेकत होत्या. बनूला डोहाळे लागले होते ते कैरीचेच. जिभेच्या टोकाशी शब्द आला. मावशीनं जीभच चावली. म्हणाली, "काही नको. तुला बरं वाटलं ना? झालं तर."

"मग रिकामी जाऊ नकोस," नाग म्हणाला. "या कैऱ्या ने. सोन्याची राखण करता करता वर बघायचं माझं राहूनच गेलं." त्यानं शेपटीनं फांदी हलवली. मावशीनं पदरात कैऱ्या बांधल्या.

पुढं काळं रान. तिथं कराळी नावाची राक्षसीण राहायची. तिच्या दाराशी हरभऱ्याची रास, अंगणात हाडांची रास. मावशीला बघून ती गरजली, "माणसाचा वास येतोय!"

मावशी दोन पावलं मागं सरली. पण तोंड कधी थांबलंय? "खायचं तर खा बाई. पण आधी सांग, तुझं माहेर कुठलं?"

राक्षसिणीचा उघडलेला जबडा तसाच राहिला. "माहेर?"

"अगं, राक्षसीण झालीस म्हणून काय आभाळातून पडलीस? आई असेल. बाप असेल. परसात एखादं झाड असेल."

राक्षसीण खाली बसली. जमीन हादरली. बोटांनी माती उकरत म्हणाली, "सात डोंगरांपल्याड. घरामागं तांबडा झरा आहे. आई माडाचं झाड उपटून माझे केस विंचरायची."

"दुखत नसे?"

"दुखायचं. पण बरं वाटायचं."

"मग गेली नाहीस कधी?"

"न्यायला कोणी आलंच नाही. आज येतील, उद्या येतील, वाट बघितली."

"मग?"

"मग माणसं खायला लागले."

मावशीला रडू कोसळलं. राक्षसीणही रडली. तिचं एकेक टिपूस घागरीएवढं. ते हरभऱ्याच्या राशीवर पडत राहिलं, आणि हरभरे भिजून टपोरे झाले. मावशीनं डोळे पुसले, करंडा काढला, दगडावर चढली आणि राक्षसिणीच्या कपाळाला कुंकू लावलं. कपाळ एवढं मोठं की करंडा तळाला गेला. चिमूटभर उरलं.

राक्षसीण म्हणाली, "आई म्हणायची, घरी आलेली बाई रिकामी पाठवू नये. पदर पसर." तिनं दोन्ही हातांनी हरभरे उचलले.

"बाई गं, मूठ तुझी आहे, पदर माझा आहे! बेतानं!" मावशी म्हणाली. आणि निघता निघता सवयीनं बोलून गेली, "ये हो कधी आमच्याकडे. राजवाड्याला लागून घर आहे."

तिसरं दार मांत्रिकाचं, पांढऱ्या टेकडीवर. मावशी वर चढली, कंबर धरून उभी राहिली, सहज समोर बघितलं. आणि तिच्या काळजाचं पाणी झालं.

नदीपलीकडे एक गाडी गोल गोल फिरत होती. बैलांच्या तोंडाला फेस आला होता. वाट गाडीला नदीपर्यंत आणायची आणि वळवून मागं न्यायची, पुन्हा आणायची, पुन्हा न्यायची. गाडीत बनू होती. एक हात पोटावर, एक हात कपाळावर. ती माहेरच्या दिशेनं बघत होती.

"बनू!"

मावशी धावली. टेकडी पायाखाली फिरली, मावशी होती तिथंच. पुन्हा धावली, पुन्हा तिथंच. तिसऱ्यांदा पडली. मग तिथंच बसून तिनं मोकळा गळा काढला. पाऊल पुढं टाकावं तर लेक लांब, मागं घ्यावं तरी लेक लांब. साळुंकी वरून नुसत्या घिरट्या घालत होती.

तेव्हा मांत्रिकाच्या झोपडीतून खोकला ऐकू आला. धुराचा खोकला, कोरडा, थांबत नव्हता. कोणाला अशी उबळ यावी आणि मावशीनं बसून राहावं, असं आजवर झालं नव्हतं. डोळे पुसत पुसत ती उठली, आणि काही ध्यानीमनी नसताना झोपडीत शिरली.

"कोण ए म्हातारे?" विकटजटी खोकत ओरडला.

"म्हातारी कोणाला म्हणतोस? दाढी बघ आपली, धुरानं पिवळी पडलीय. आणि ओली लाकडं कोण घालतं चुलीत? सरक तिकडं." मावशीनं चूल नीट केली, जाळ घातला, मांत्रिकाला पाणी दिलं. चुलीवर एक मडकं खदखदत होतं. मडकं दिसलं की मावशीचा हात झाकणाकडे जाणारच. गेला. झाकण हलेना. दोन्ही हातांनी ओढलं, हलेना. जन्मात पहिल्यांदा एखादं झाकण सारजामावशीला उघडेना.

"काय शिजवतोयस रे?"

"राज्याची ये-जा."

"ती कशाला शिजवायची?"

मांत्रिकानं मान खाली घातली. "माझ्याकडे कोणी येत नाही. म्हटलं, सगळी ये-जा माझ्याच घरात आणली की माणसं आपोआप येतील. पण ही नुसती खदखदते."

"अरे वेड्या, माणसं बोलवायला मडकं लागतं का? हाक मारायची."

"मारली असती," मांत्रिक पुटपुटला. "पण काय काम आहे, असं विचारलं असतं तर?"

मावशीला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. तिनं चुलीपुढची राख सारखी केली, कोपऱ्यात पडलेलं घोंगडं झाडून घडी केलं. मांत्रिक बघत होता. मग आपण होऊनच म्हणाला, "झाकण आता मलाही उघडत नाही. राजाच्या मुठीशी त्याची गाठ बसलीय. मूठ सुटेल तेव्हा झाकण उडेल. पण एक सांगतो. ये-जा आंधळी असते. मोकळी झाली की भलत्याच दारात शिरेल. दाराला खूण हवी. ही टेकडी दळली की पांढरी पूड होते, ही दळलेली घेऊन जा. दारात पावलं काढ, आत येणारी. सूर्य काढ, चंद्र काढ, म्हणजे अडलेल्या दिवसाला कळेल कुठून निघायचं. झोपाळा काढ."

"आणि तुझं नाव घेऊ का कुणाजवळ?"

"नको," मांत्रिक म्हणाला. मग जरा थांबून, "पुन्हा याल?"

"येईन की. सहज," मावशी म्हणाली.

टेकडी उतरताना तिनं नदीकडे पाहिलं नाही. पाठ फिरवून उतरली. कोणालाही विचारा, तीन दारांत सर्वांत अवघड ते हेच होतं.

घरी येऊन मावशीनं निम्मे हरभरे चोळून सालं काढली, भरडले, त्यांत कैरी किसून घातली, वरून हिंग-मोहरीची फोडणी दिली. उरलेल्या कैऱ्या उकडून, गूळ-वेलची घालून पन्हं केलं. मग भिंतीवर चढली आणि हाक दिली, "अगं कृष्णे, अगं तुळसे, सगळ्या या गं! कामाशिवाय या!"

"कशाला मावशी?"

"कशाला विचारलंस की पाय वळतील! नुसत्या या!"

एक दार किलकिलं झालं. मग दुसरं. कृष्णानं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि हसायलाच लागली. मग तांबटीण आली, कोळीण आली, न्हावीण आली, प्रधानाची बायको आली, तिची मोलकरीणही आली. गल्ली बायकांनी भरली. मावशीनं राजवाड्याच्या पहिल्या दरवाजात पांढरी पूड चिमटीत घेतली आणि रेघ ओढली. सूर्य, चंद्र, शंख, कमळ, तुळस, हत्ती, झोपाळा. आणि मधोमध आत येणारी दोन पावलं.

पहारेकऱ्यानं भाला आडवा केला. "काय काम आहे?"

"काही नाही," सगळ्या एकदम म्हणाल्या.

पहारेकरी गोंधळला. कामाच्या माणसाला अडवायचा हुकूम होता. बिनकामाच्या माणसाचा हुकूमच नव्हता. त्यानं दार उघडलं. असे सातही दरवाजे उघडले.

आत राजा भानुसेन झोपाळ्याशी बसला होता. केस पांढरे झालेले, मूठ कडीवर आवळलेली. म्हणाला, "जवळ येऊ नका. नजर लागेल."

"शेजारणींची नजर लागत नाही महाराज. त्यांची नजर असते," मावशी म्हणाली. करंड्यात उरलेलं चिमूटभर कुंकू तिनं मंजरीच्या सोन्याच्या कपाळाला लावलं. कृष्णानं हळद लावली. एकेकीनं ओंजळभर हरभऱ्यांनी ओटी भरली. मग मावशीनं पन्ह्याचा पेला राजापुढं धरला. राजानं घोट घेतला. आंबट लागलं, गोड लागलं, आणि कितीतरी काळानं त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"महाराज, मूठ सोडा."

"सोडली तर पडेल ती. फुटेल."

"झोपाळ्यावर बसताना काय म्हणाली होती?"

राजानं मुठीतल्या कडीकडे पाहिलं. "म्हणाली, बाबा, झोका द्या ना."

"दिलात?"

राजानं मूठ आणखी आवळली.

"झोका दिला तर ती लांब जाईल, मावशी."

"जाईल की." मावशी त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. "आमचे हे पोरीला झोका द्यायचे, फांदीला पाय लागेपर्यंत. मी ओरडायचे. तेव्हा म्हणायचे, जाऊ दे लांब, दोर माझा आहे. महाराज, माझीही लेक लांब दिलीय. आत्ता ती नदीकाठी गाडीत बसलीय, पोटुशी, तुमच्या या मुठीत अडकून. तिच्यासाठी आले असं म्हटलं तर माझी वाट वळेल. म्हणून मी ते म्हणत नाही. मी आपली सहज आले."

राजानं लेकीच्या तोंडाकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं कोण जाणे, दिवस तर अडलेलाच होता. मग त्याचं एक बोट सुटलं. दुसरं सुटलं. मूठ उघडली. त्यानं उघडा तळवा झोपाळ्याच्या पाठीला लावला, डोळे मिटले आणि झोका दिला.

झोपाळा लांब गेला, परत आला. मंजरीचे पाय माणसाचे झाले.

राजानं दुसरा झोका दिला. आणखी लांब गेला, परत आला. हात माणसाचे झाले, बांगड्या वाजल्या.

राजानं तिसरा झोका दिला, सगळं बळ लावून दिला. झोपाळा पार खिडकीशी गेला. तिथून हसण्याचा आवाज आला. "बाबा, अजून उंच!"

बाहेर कोकिळेला 'हू' सापडलं. पांढऱ्या टेकडीवर झाकण टणकन उडालं. सोन्याचा झोपाळा साधा लाकडी झाला, त्याच्या कड्यांचे दोर झाले. आमराईतले दगडाचे चोर जागे झाले आणि लाजून घरी गेले. प्रत्येक दारातून वाट सुटली, धावत सुटली, ओढ्याचं पाणी सुटावं तशी.

मावशी आता कोणासाठी थांबणार नव्हती. ती पळत सुटली. वेशीपाशी पोचली तो समोरून गाडी येत होती. बनू आतून ओरडली, "आई, किती उशीर! आणि हे काय, पदराला कैरीचा वास?"

"तुझ्यासाठीच गं," मावशी म्हणाली. आता म्हणायला हरकत नव्हती.

पुढं सगळं रीतीनं झालं. मंजरी महिनाभर माहेरी राहिली, रोज झोपाळ्यावर बसली. घरोघरच्या बायका कामाशिवाय आल्या, डाळ खाल्ली, पन्हं प्याल्या, ओटी भरून गेल्या. एक दिवस कराळीही आली. दारात मावेना, म्हणून अंगणातच बसली. तिच्यासाठी कुंकू परातीत कालवलं होतं. पुढच्या साली तिला सात डोंगरांपल्याड पोचवायला राजानं हत्ती दिले. माणसं खायची तर तिनं अंगणात बसली त्या दिवसापासूनच सोडली होती. मांत्रिकाकडे मावशी डाळीची वाटी घेऊन गेली. तो दारातच उभा होता, दाढी विंचरून.

अक्षय्य तृतीयेला जावयाची पालखी आली. राजानं आपल्या हातानं लेकीला वेशीपर्यंत पोचवलं. वाकून पाया पडताना ती म्हणाली, "येते बाबा." राजा म्हणाला, "ये." आणि त्या रात्री तो जेवला. मावशीनं फटीतून पाहिलं, ताट रिकामं परत गेलं होतं.

साळुंकी मात्र पुन्हा कोणाला दिसली नाही. मावशीनं उभ्या राज्याची चौकशी केली, हिचंच नाव-गाव विचारायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी तिच्या दीड दरवाजाच्या उंबऱ्यावर हळदीची दोन पावलं उमटली होती. पाखराची नव्हती. बाईची होती, आत येणारी. मावशीनं मुकाट्यानं हात जोडले. म्हणून चैत्रात घरोघरी गौर झोपाळ्यात बसते, महिनाभर माहेरपण घेते, दारात तिची पावलं निघतात, आणि तीजेला आलेली गौर वैशाखातल्या तीजेला सासरी जाते.

बनूला मुलगी झाली. सव्वा महिन्यानं तिचीही गाडी जुंपली. मावशी वेशीपर्यंत गेली, गाडीमागं चार पावलं धावली, "पोचल्याचा सांगावा धाड गं, बाळाला टोपरं घाल गं, सासूची कंबर कशी आहे ते कळव गं," म्हणत राहिली. गाडी दिसेनाशी झाली तेव्हा घरी परतली आणि उंबऱ्यावर मटकन बसली.

केरोबा उठला, अंगणातल्या कडुलिंबापाशी गेला, आणि झोपाळ्याचा दोर ओढून बघितला. पक्का होता.

ज्यांच्या लेकी लांब, त्यांचे दोर असेच पक्के राहोत. ज्यांच्या दारात पावलं, त्यांच्या दारात कोणी सहज येवो.